नऊशे परस पाणी

मी सातवी नापास. सव्वीस वर्षं आरमाराच्या नकाशांच्या गोदामात नोकरी केली आणि त्या सव्वीस वर्षांत बोटीवर पाय ठेवला नाही. सुट्टीला गावी आलो की लोक विचारायचे, दर्या कसा असतो, लाटा केवढ्या असतात. मी सांगायचो, ताडाएवढ्या. मला काय माहीत? मी समुद्राला ठिगळं लावणारा माणूस.

ठिगळंच म्हणायची ती. समुद्राचा नकाशा लय मोठा असतो, बाजेवर आंथरला तर अर्धी बाज झाकते. त्यात जमीन जवळजवळ कोरी असते आणि पाणी आकड्यांनी गच्च भरलेलं. आकडा म्हणजे तिथली खोली. दर आठवड्याला आमच्याकडं छापील पत्रक यायचं. अमक्या ठिकाणी बोट बुडाली, तमका दिवा बंद पडला, ह्या खडकाची जागा चुकीची होती. ते सगळं जांभळ्या शाईनं नकाशावर उतरवायचं. दुरुस्ती मोठी असली की छापील तुकडाच यायचा. तो कातरायचा, मागं खळ लावायची आणि रेघेवर रेघ बसेल असा चिकटवायचा. साहेब माझ्या ठिगळावरून नख फिरवायचा आणि म्हणायचा, लागत नाही बघ नखाला. तेवढीच माझी शाबासकी.

गणितही तेवढंच येतं मला. एका अंशाचे साठ भाग, एका भागाला मिनिट म्हणायचं, आणि उत्तर-दक्षिण मोजलं तर एक मिनिट म्हणजे समुद्रातला एक मैल. आणि जुन्या नकाशांवर खोली फॅदममध्ये. पहिल्या दिवशी साहेबानं दोन्ही हात पसरून दाखवलं, एवढा एक फॅदम, सहा फूट. मी म्हणालो, साहेब, आमच्याकडं ह्याला परस म्हणतात. विहीर खणताना आत माणूस हात वर करून उभा केला की एक परस. साहेब हसला. मी मात्र नोकरीभर मनात परसच म्हणत आलो.

रिटायर होऊन कवठे महांकाळच्या पलीकडं आमच्या वस्तीवर आलो तेव्हा रद्द झालेले नकाशे वळकटी करून बरोबर आणले. फेकूनच देणार होते ते. काही फडताळात आंथरले, एक भिंतीला लावला, माती पडू नये म्हणून. पाऊस नसलेल्या मुलखात माझ्या घराच्या भिंतीला समुद्र. धाकटा भाऊ म्हणायचा, "दादा, ह्यातलं चार घागरी काढून दे की."

पोरगा एकच. तो ह्या भिंतीकडं बघत मोठा झाला आणि मीच त्याला ताडाएवढ्या लाटा सांगितल्या. दहावी झाल्यावर बायको म्हणाली होती, ह्याला एस्टीत चिकटवा, न्हाईतर वडूजला माझ्या भावाच्या दुकानात बसवा. मी ऐकलं नाही. जुनी ओळख लावून त्याला एका मालाच्या बोटीवर इंजिनखोलीत लावून दिला. गावात पेढे मी वाटले. हे लिहितोय ते कुणी माझी कीव करावी म्हणून नव्हे. वाटले म्हणून लिहितोय.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. बोट बुडाली. आधी तार आली, मग कंपनीचं इंग्रजी पत्र. हायस्कूलच्या मास्तरांनी वाचून सांगितलं, काही माणसं दुसऱ्या जहाजानं उचलली, तुमचा मुलगा त्यात नाही. प्रेतही नाही. पत्राच्या शेवटी जागा लिहिली होती, अंश आणि मिनिटं. अंशांचे आकडे सांगत नाही, तुम्हाला काय करायचेत ते. रेखांश पुरा होता, त्याला मिनिटं नव्हती. अक्षांशाला मिनिटं चाळीस होती.

माणसाला अशा वेळी काय सुचावं? मला नकाशा सुचला. वळकटीतून त्या समुद्राचा काढला, बाजेवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार पितळ्या ठेवल्या आणि फूटपट्टी घेऊन बसलो. बाया रडत होत्या आणि मी रेघ मारत होतो. जागा सापडली. पेन्सिलीनं बारीक फुली केली. त्या सबंध दिवसात तेवढंच एक काम मला नीट जमलं.

बायको येऊन वाकून बघायला लागली. तिला अक्षर येत नव्हतं, पण डोळा तिखट. फुलीच्या दक्षिणेला नखाएवढ्या अंतरावर ठिपक्याठिपक्यांचा एक गोल होता.

"हे काय वो?"

"बेट हाय."

"म्हंजी जमीन?"

"जमीनच."

"किती लांब?"

"दोन मैल."

बेट नव्हतं ते. ठिपक्यांचा गोल म्हणजे भरतीला बुडणारा आणि ओहोटीला दोन फूट वर येणारा खडक. हे मला येतं. सव्वीस वर्षं मी हेच केलं. पण तिचं तोंड बघितलं आणि बेट म्हणून गेलो. दोन दिवस तिला बरं वाटेल, मग सांगू, असं मनात होतं. ती रडायची थांबली. उठली, हात धुतले आणि आलेल्या बायांना म्हणाली, "कशाला गळा काढताय? पोरगा बेटाला लागलाय माझा."

झालं. तिथून सगळं बिघडलं.

नकाशा तिनं परत वळकटीत जाऊ दिला नाही. बाजेवरच राहिला तो, आम्ही दोघं खाली झोपायला लागलो. रोज देवपूजा झाली की ती त्या ठिपक्यांच्या गोलावर कुंकवाचं बोट टेकायची. महिन्याभरात तिथं घट्ट तांबडा डाग पडला आणि खालचे ठिपके दिसेनासे झाले. माझी फुली तेवढी वर राहिली. मी सांगायला लागलो, अगं तो खडक आहे, पाण्याखाली जातो. ती म्हणायची, "तवा बेट म्हनलासा. आता मला गप करायला खडक म्हंता." तिच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच होतं ते.

गावाला काय, फुकटचा तमाशा. विहिरीवर बाया तिला विचारायच्या, "काय गं, पोरगं काय खातंय बेटावर? नारळ का मासं?" ती खरंच सांगायची, मासं खात आसंल, त्याला आवडत्यात. पारावर कुणी मला म्हणायचा, "सुनबाई बी तिकडचीच करनार का?" आणि एकदा मीही त्यांच्यात हसलो. हसून घरी आलो, तिनं पुढं केलेली भाकरी खाल्ली.

धाकट्याच्या पोरीचं लग्न ठरलेलं होतं. सोयरीक जतकडची, चांगली, आणि ते लोक घाई करत होते. पण आमच्या घराचा निकाल लागेना. पोरगा मेला असेल तर त्याचे दिवस घालायला पाहिजेत, सुतक फेडायला पाहिजे, त्याशिवाय भावकीच्या मांडवात हळद कशी लावायची? आणि जिता असेल तर प्रश्नच नाही. जुनी माणसं म्हणाली, परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघायची रीत आहे. ते बायकोनं धरून ठेवलं. बारा वर्षं.

धाकटा माझ्या दारात उभा राहून ओरडला. "बारा वर्सं माझी पोरगी घरात ठिवू व्हय? दादा, मेला म्हणा न्हाईतर जिता म्हणा, एक कायतरी म्हणा! वैनीच्या कुकवाच्या डागापायी माझं घर बुडवताय तुमी."

बायको आतून म्हणाली, "भावजी, तुमच्या पोरीला नवरा मिळावा म्हनून माज्या पोरानं मरायचं व्हय?"

"तो मेलाच हाय, वैनी!"

"तुमी बगितला?"

धाकट्यानं चपला घातल्या. तो जाताना मला हळू आवाजात म्हणाला, "सांगलीला एक बाई हाय. आपल्या पानी योजनेचं नकाशं करतीया कॉम्प्युटरवर. शेत दावायचं, ती त्याची जागा टीव्हीवर दावती, फुटात. वैनीला तितं न्या. तुमचं न्हाई ऐकत, मशीनचं ऐकंल."

त्या वेळी कॉम्प्युटर म्हणजे लोक हात जोडायचे. पत्रिका कॉम्प्युटरची, डोळ्याचा नंबर कॉम्प्युटरचा, म्हणजे मग त्यावर बोलायचं नाही. मला पटलं. मशीन तिला ठिपके मोठे करून दाखवील, खडक तो खडक दिसेल, म्हटलं. घरून निघताना माझ्या मनात एवढंच होतं. खरं सांगतो. पुढचं नंतर आलं.

नकाशा धोतराच्या फडक्यात गुंडाळून एस्टीनं मिरज आणि तिथून सांगली. बायकोनं वाटभर तो मांडीवर आडवा धरला होता. तिला वाटत होतं, मशीन तिच्या पोराचा ठावठिकाणा सांगणार. खिडकीतून बघत म्हणाली, "कळलं की तुमी सायबाला पत्र लिवा. बोट पाठवा म्हणावं."

हार्डवेअरच्या दुकानावर जिना चढून एक खोली, त्यात ती बाई. पस्तिशीची असेल, चष्मा, साडीचा पदर खोचलेला. आधी कुठल्याशा ऑफिसात नकाशे ट्रेस करायची, आता स्वतःचं मशीन टाकलेलं. तिनं नकाशा टेबलावर उलगडला तर तो चारी बाजूंनी खाली लोंबला.

"काका, हा केवढा मोठा! माझा स्कॅनर वहीएवढा आहे. कापावा लागेल."

"कापायचा न्हाई," मी म्हणालो.

मग घडी न पडू देता, थोडा थोडा सरकवत तिनं त्याचे तुकडे घेतले. स्कॅनर म्हणजे काच, खालून दिवा फिरतो आणि चित्र टीव्हीवर येतं. बारा का तेरा वेळा दिवा फिरला. मी एक बाजू धरून उभा, बायको दुसरी. मग बाई ते तुकडे टीव्हीवर एकमेकांना जोडायला लागली आणि मी मागून बघत होतो. रेघेवर रेघ. माझंच काम होतं ते, खळीशिवाय. एका ठिकाणी तिची रेघ केसभर चुकली तर मी बोट दाखवलं. ती म्हणाली, "काका, तुम्हाला बरं दिसतं!" मला लाज वाटायला पाहिजे होती, पण बरं वाटलं.

पुढं तिनं समजावून सांगितलं. कागद मशीनला नुसतं चित्र वाटतो. त्यातली चार ठिकाणं त्याला आकड्यांनी ओळखून दिली, की ते कागद ताणून पृथ्वीवर बरोबर जागी बसवतं. पुऱ्या अंशांच्या रेघा जिथं एकमेकींना छेदतात अशी चार ठिकाणं मी दाखवली. तिनं आकडे मारले. कागद टीव्हीवर थरथरला, जरासा तिरका झाला, आणि तिच्याकडची आपल्या देशाच्या किनाऱ्याची लाल रेघ येऊन माझ्या नकाशाच्या किनाऱ्यावर बसली. बरोबर बसली. कोकण, कारवार, खालपर्यंत. बायकोनं टीव्हीला हात जोडले.

स्कॅनर काळा-पांढरा. कुंकवाचा डाग त्यात काळा आला होता, शाईचा डबा सांडावा तसा. त्याच्या वरच्या अंगाला, बारीक, माझी फुली.

"हे काळं काय?" बाई म्हणाली.

"बेट हाय ते," बायको म्हणाली. "माझा ल्योक हाय तितं."

बाईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या ध्यानात आलं, आपण कुठल्या कामात सापडलो. ती आणखी हळू बोलायला लागली, तेच वाईट. डागाखाली ठिपकेच उरले नव्हते. मोठं करून दाखवलं असतं तरी काळंच मोठं झालं असतं. माझा खडक गेला होता. मशीन आता माझ्या फुलीवरच फुली मारणार, काळ्या बेटाला लागून, आणि ही बारा वर्षं कुंकू लावणार.

"बोटीची जागा सांगा काका."

मी अंश सांगितले. "आन् चाळीस."

तिचं बोट थांबलं. शेताच्या नकाशांत तिला मिनिटं कधी लागली नसावीत. "चाळीस म्हणजे, पॉइंट चाळीस ना?"

चाळीस मिनिटं म्हणजे साठातली चाळीस. पॉइंट चाळीस म्हणजे शंभरातली चाळीस, म्हणजे चोवीस मिनिटं. सोळा मैलांचा फरक. ही चूक गोदामात नव्या पोरांची व्हायची आणि मी त्यांच्या डोक्यात टपली मारायचो.

"व्हय," मी म्हणालो. "पॉइंट चाळीस."

लाल फुली पडली. दक्षिणेला, काळ्या डागाच्या पार पलीकडं, उघड्या पाण्यात. आजूबाजूला नुसते मोठाले आकडे.

बायको पुढं सरकली. "ही कसली?"

"ती जागा, मावशी. बोटीची."

"आन् ही?" तिनं काचेवर बोट ठेवलं. माझी पेन्सिलीची.

"ती मी हातानं काढल्याली. चुकली ती."

"तुमची चुकली?"

"म्हातारा झालो. हात हलतो."

माझा हात आजही हलत नाही. हे लिहिताना बघतोय मी त्याच्याकडं.

ती टीव्हीकडं बघत राहिली. एकदा माझी फुली, एकदा मशीनची. मग म्हणाली, "हितनं बेट किती लांब?"

"चौदा मैल."

"चौदा." नंतर, "पानी किती हाय तितं?"

फुलीजवळचा आकडा मी वाचला. "नऊशेच्या वर."

"फूट?"

"परस."

हे मी नसतं सांगितलं तरी चाललं असतं. तिला फॅदम कुठं माहीत होतं? पण मला एकदाचं संपवायचं होतं, आणि परस तिला कळतो हे मला माहीत होतं. आमची विहीर तिनं स्वतः पाटी वाहून खणली होती. अकरा परस गेलो आणि पाणी लागलं नाही.

ती मनात मोजत असावी. ओठ हलत होते. "आकरा परसात माणूस वरनं मुंगीयेवढा दिसायचा," ती म्हणाली आणि जमिनीवर बसली. रडली नाही. बाईनं तिला पाणी दिलं, ते तिनं हातात धरून ठेवलं.

तिला जिन्याशी बसवून मी नकाशा न्यायला परत आत गेलो तर बाई कागदावर पेन्सिलीनं काहीतरी करत होती. मान वर न करता म्हणाली, "काका, मिनिटं साठ असतात ना?"

मी वळकटी बांधत राहिलो.

"तुमची फुली बरोबर होती. मी आत्ता परत टाकून बघितली, त्याच जागेवर येते. मावशींना बोलवा, मी सांगते माझी चूक झाली."

"न्हाई बोलवायचं."

"अहो पण काका..."

"बाई, तुमी शेतं मापा," मी म्हणालो. "पोरगं तुमचं न्हाई ते."

तिचं तोंड उतरलं. तिनं छापलेला कागद माझ्याकडं दिला, त्यावर लाल फुली होती, आणि कामाचं काही घेतलं नाही. म्हणाली, नको. त्या बाईचा काही गुन्हा नव्हता. तिनं विचारलं होतं. दोनदा विचारलं.

आठ दिवसांत सगळं उरकलं. प्रेत नसलं की पिठाचा पुतळा करून जाळतात. सांगलीला कृष्णेच्या घाटावर भटजी पीठ मळायला बसला तर बायको म्हणाली, "मला द्या. मी मळते." भटजी म्हणाला, आईनं करायचं नसतं. ती ऐकेना. तिनं मळलं, तिनंच घडवला, हातभर. कान केले. भटजी म्हणाला, कान नकोत, एवढं बारीक लागत नाही. तिनं केलेच. मी अग्नी दिला. धाकटा मागं उभा राहून घड्याळ बघत होता, कारण त्याला परत जाऊन मांडवाचे बांबू उतरवून घ्यायचे होते.

लग्न झोकात झालं. बायकोनं दोनशे माणसांच्या पुऱ्या लाटल्या. कुणी तिला बेटाचं विचारलं नाही. धाकटा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, लय उपकार झालं." तिनं नकाशा स्वतःच्या हातानं गुंडाळला आणि फडताळावर टाकला. मी त्या रात्री बाजेवर निजलो. ती खालीच.

पुढं दोन-अडीच वर्षं ती माझ्याशी चांगली वागली. हे मला सांगता येत नाही नीट. वेळेवर जेवण, वेळेवर चहा, काही मागणं नाही, काही भांडण नाही. आधी ती भांडखोर होती. वडूजच्या बायका असतात तशी, तोंडावर बोलणारी. आता मी म्हणेन ते व्हय. मी म्हटलं असतं ही भिंत निळी आहे, तर व्हय म्हणाली असती. मला ते सोसेना.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. मिरजेच्या दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाला, घरी न्या नाहीतर इथं ठेवा, सारखंच. मी ठेवलं. दुपारी बाजूच्या खाटेवरची माणसं जेवायला गेली की वॉर्ड शांत व्हायचा. अशाच एका दुपारी मी तिला सांगून टाकलं.

का सांगितलं? आता मरतीय, खरं कळू दे, असं मी स्वतःला सांगत होतो. खोटं आहे ते. मला एकट्याला ते वाहायचं नव्हतं. ती गेल्यावर सांगायला कुणी उरणार नव्हतं म्हणून ती आहे तोवर तिच्या उरावर घातलं. सगळं सांगितलं, चाळीस, साठ, पॉइंट, बाईनं विचारलं, मी व्हय म्हणालो, माझी फुली बरोबर होती.

ती वर पंख्याकडं बघत होती. मला वाटलं, कळलं नाही.

"म्हंजी दोनच मैल," ती म्हणाली.

"अगं पन बेट न्हवतं ते. खडक व्हता. भरतीला बुडतो."

"दोन मैल त्यो पवतो. मामाच्या हिरीत सकाळधरनं सांजपत्तूर पवायचा. भाईर येत न्हवता."

"खडक व्हता म्हनतोय ना!"

"तुमी बेट म्हनलासा. मग खडक म्हनलासा. मग मशीन म्हनलासा." दम लागत होता, तरी एकेक नीट म्हणाली. "आता परत खडक."

"आता खरं सांगतोय."

तिनं स्वतःचे हात पांघरुणाबाहेर काढले आणि त्यांच्याकडं बघितलं. "मी पीठ मळलं," ती म्हणाली. "कान केलं त्याला. आन् तुमी जाळलासा. आवं, त्यो तितं बसला आसंल आन् आमी हितं त्याला जाळला."

मी तिचं पांघरूण सारखं करायला लागलो.

"जावा," ती म्हणाली. "हितं काय बसलाय? जावा, बगून या."

मी कुठं जाणार होतो. स्टुलावर बसून राहिलो. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

त्यानंतर चार दिवस होती ती. बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीची सून यायची, तिच्या हातून ही पाणी घ्यायची. तिला विचारायची, "पोरी, बोटीचं कायतरी कळलं का गं?" ती बिचारी, "कळंल की, मावशी," म्हणायची. माझ्याशी शब्द नाही. मी चमचा पुढं केला की दात मिटून घ्यायची.

शेवटच्या दिवशी ती सून आली नव्हती. मीच होतो. ओठ पार वाळले होते, जिभेला चिरा पडलेल्या. मी चमच्यात पाणी घेतलं आणि तोंडाशी नेलं. तिनं डोळे उघडून कोण आहे ते बघितलं आणि ओठ आवळले. मी बोटानं ओठ बाजूला करून चमचा घातला तर तिनं पाणी आत न घेता तसंच बाहेर सोडलं. ते गालावरून कानात गेलं, उशीत गेलं. मी तिच्याच पदरानं पुसलं आणि दुसरा चमचा भरला. तोही तिनं घेतला नाही.